चेंडू हातात नसतानाचा सराव

प्रेरणादायी व्याख्यानांना जाणाऱ्या कोणालाही ही गोष्ट पाठ असते. मुलांचे तीन गट केले. पहिल्याने रोज बास्केटबॉलच्या फ्री थ्रोचा, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून कोणी अडवत नसताना टाकायच्या फेकीचा, सराव केला. दुसऱ्याने चेंडूला हातही लावला नाही, डोळे मिटून आपण फ्री थ्रो टाकतोय एवढंच मनात पाहिलं. तिसऱ्याने काहीच केलं नाही. वीस दिवसांनी मोजलं तर पहिला गट २४ टक्क्यांनी सुधारलेला, दुसरा २३ टक्क्यांनी आणि तिसरा होता तिथेच. इथे वक्ता थांबतो, टाळ्या पडतात आणि मनाच्या अफाट शक्तीवर पुढचा अर्धा तास निघतो.

गोष्ट सपशेल खोटी नाही, पण ती सांगणाऱ्यागणिक बदलते. कधी प्रयोग ऑस्ट्रेलियात झालेला असतो, कधी शिकागोत. संशोधकाचं नाव बदलतं आणि सालही. मुलांना हा सराव शिकवायचा की नाही हे ज्या क्रीडाशिक्षकाला ठरवायचं आहे, त्याला टाळ्यांचा काय उपयोग? म्हणून गेल्या ऐंशी वर्षांत या प्रश्नावर खरोखर काय हाती लागलं ते एकदा नीट मांडून पाहायला हवं.

सुरुवात १९४३ साली झाली. व्हँडेल, डेव्हिस आणि क्लगस्टन या तिघा अमेरिकी संशोधकांनी शाळा-कॉलेजातली मुलं घेऊन फ्री थ्रो आणि डार्ट फेकणं या दोन गोष्टींवर प्रयोग केला. गट तेच तीन: सराव करणारे, मनात करणारे आणि न करणारे. मनातला सराव जवळपास खऱ्या सरावाइतकाच लागू पडतो असा त्यांचा निष्कर्ष होता. गट मात्र इतके लहान होते की एखाद्या मुलाचा दिवस चांगला गेला तरी सरासरी हलावी. पुढे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या ॲलन रिचर्डसन यांनी १९६७ मध्ये तोवरच्या अशा प्रयोगांचा आढावा दोन भागांत छापला, आणि व्याख्यानांतल्या गोष्टीला त्यांचं नाव चिकटलं ते कायमचं.

या गोष्टीत आणखी एक प्रयोग मिसळला असावा अशी मला दाट शंका आहे. १९६० साली एल. व्हर्डेल क्लार्क यांनी हायस्कूलच्या १४४ मुलांवर एका हाताच्या फ्री थ्रोचा अभ्यास केला. मुलं तीन पातळ्यांची होती: शाळेच्या मुख्य संघातली, दुय्यम संघातली आणि अगदी नवखी. प्रत्येक पातळीवर निम्म्यांनी चेंडूने सराव केला, निम्म्यांनी मनात. मुख्य संघातल्यांची सुधारणा चेंडूने १६ टक्के, मनाने १५. दुय्यम संघातल्यांची चेंडूने २४, मनाने २३. व्याख्यानातले आकडे नेमके हेच आहेत. आता तिसरी ओळ पाहा, जी व्यासपीठावरून कोणी सांगत नाही. नवख्या मुलांची सुधारणा चेंडूने ४४ टक्के झाली आणि मनाने २६.

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली या तिसऱ्या ओळीत आहे. ज्याच्या अंगात फेक आधीच मुरली आहे, त्याला ती मनात पुन्हा चालवता येते. ज्याने ती कधी नीट टाकलेलीच नाही, तो मनात चालवणार काय? त्याचं चित्र टीव्हीवर पाहिलेल्या कुणाच्या तरी फेकीचं असतं. त्यात त्याचं कोपर, त्याचं मनगट, त्याच्या बोटांना जाणवणारं चेंडूचं वजन यातलं काही नसतं.

नंतरच्या मोठ्या आढाव्यांनीही याच्या आसपासच निकाल दिला. फेल्ट्झ आणि लँडर्स यांनी १९८३ मध्ये साठ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. मनातल्या सरावाचा परिणाम निश्चित होतो, पण तो मध्यम प्रतीचा, असं त्यातून निघालं. १९९४ मध्ये ड्रिस्केल, कॉपर आणि मोरन यांनी अधिक काटेकोर मांडणी केली. काहीच न करण्यापेक्षा मनातला सराव बरा, खऱ्या सरावापुढे तो उणा. सुमारे वीस मिनिटांच्या पुढे ताणला तर फायदा वाढत नाही. दोन आठवड्यांत त्याचा परिणाम निम्म्यावर येतो आणि तीन आठवड्यांत जवळपास पुसला जातो. म्हणजे स्पर्धेच्या महिनाभर आधी एकदा शिबिर घेऊन मुलांचे डोळे मिटवून घेतले, तर स्पर्धेच्या दिवशी त्यातलं हाती फारसं काही उरलेलं नसतं.

१९९४ च्या याच आढाव्यात आणखी एक बाब आहे आणि ती आमच्या अकलूजसारख्या कुस्तीच्या गावाच्या कामाची आहे. ज्या कामात डोकं जास्त चालवावं लागतं, क्रम लक्षात ठेवावा लागतो, निर्णय घ्यावे लागतात, तिथे मनातला सराव अधिक लागू पडतो. जिथे निव्वळ अंगाची सफाई लागते तिथे कमी. या मापाने पाहिलं तर कुस्ती या सरावाला फ्री थ्रोपेक्षा जास्त अनुकूल ठरावी. समोरचा पट काढायला वाकला तर आपण काय करायचं, तो सावरला तर पुढचा डाव कोणता, ही साखळी पैलवान रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मनात लावत असतो. तालमीतल्या वस्तादाला त्यासाठी कोणा संशोधकाचा दाखला लागत नाही.

मग संशोधकांनी फ्री थ्रोच का धरला? कारण साधं आहे, तो मोजायला सोपा. प्रतिस्पर्धी आडवा येत नाही, अंतर बदलत नाही, रिंगची उंची बदलत नाही, चेंडू एक तर आत जातो किंवा जात नाही. प्रयोगशाळेला असा खेळ दुसरा कुठला मिळणार? फ्री थ्रोच्या अभ्यासांची एवढी रास पडली ती या सोयीमुळे. मनाचा आणि फ्री थ्रोचा काही खास ऋणानुबंध आहे असा अर्थ त्यातून काढू नये.

तरीही फ्री थ्रो मनाची परीक्षा पाहतो हे खरं. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगचंच पाहा. १९६० च्या दशकापासून तिथली फ्री थ्रोची सरासरी ७५ टक्क्यांच्या आगेमागेच घुटमळत राहिली. खेळाडू उंच झाले, बळकट झाले, प्रशिक्षक वाढले, मानसतज्ज्ञ आले, तरी हा आकडा दोन-चार टक्क्यांपलीकडे हलला नाही. काओ, प्राइस आणि स्टोन या तिघांनी २०११ मध्ये दाखवलं की अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत खेळाडू आपल्याच नेहमीच्या सरासरीपेक्षा पाच ते दहा टक्क्यांनी खाली येतात. हात तोच, रेषा तीच, रिंग तीच. बदलतं ते डोक्यातलं.

डोक्यात काय काय चालतं त्याचा सगळ्यात गमतीदार नमुना म्हणजे एनबीएचाच विल्ट चेंबरलेन. २ मार्च १९६२ रोजी त्याने एका सामन्यात एकट्याने शंभर गुण केले. त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो होते. त्या हंगामात तो दोन्ही हातांनी खालून, पायांमधून उचलल्यासारखा चेंडू टाकत असे आणि एरवी फ्री थ्रोत अगदी कच्चा असलेला हा गडी ६१ टक्क्यांवर पोचला होता. पुढे त्याने ती पद्धत सोडली. आपण त्यात बावळट दिसतो असं त्याला वाटायचं, आणि हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. याच पद्धतीने रिक बॅरीने कारकीर्दभर नव्वद टक्क्यांच्या आसपास फ्री थ्रो घातले, तरी त्याचं अनुकरण करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. चारचौघांत हसं होईल ही भीती काढायला डोळे मिटून काढलेलं चित्र कितपत पुरेल, याबद्दल मी साशंक आहे.

आता थोडं रेषेजवळ जाऊन पाहू. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, म्हणजे बरोबर दहा फूट. रेषा बोर्डापासून सुमारे ४.६ मीटर लांब. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, मुलांच्या मोठ्या चेंडूचा सुमारे २४. वरून पाहिलं तर रिंग ऐसपैस वाटते. पण चेंडू तिरका येतो, आणि तो जितका सपाट येईल तितकं त्याच्या वाटेतलं तोंड अरुंद होत जातं. सुमारे ३२ अंशांपेक्षा सपाट आला तर रिंगला न शिवता तो आत जाऊच शकत नाही. तालुक्याच्या सामन्यांत बघा, दमलेली मुलं नेमकी असाच चेंडू टाकतात. पाय वाकत नाहीत, फक्त हात झटकला जातो आणि चेंडू पुढच्या कडीवर आपटून परत येतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या सिल्व्हरबर्ग आणि ट्रॅन यांनी २००८ मध्ये संगणकावर लाखो फेकी चालवून सर्वोत्तम फेक काढली. चेंडू सुमारे ५२ अंशांत सुटावा, उलट्या दिशेने सेकंदाला तीन वेळा फिरावा, आणि नेम रिंगच्या मागच्या कडेकडे असावा.

म्हणजे मनात जे चित्र आणायचं त्यालाही माप आहे. ‘चेंडू आत गेला’ एवढंच पाहून भागत नाही. त्यात उंची हवी, गुडघ्यांपासून निघालेला जोर हवा, शेवटी खाली झुकलेलं मनगट हवं. आपल्या आजीच्या पिढीला मानसपूजा माहीत होती. देव समोर नाही, फूल नाही, नैवेद्य नाही, तरी स्नान, गंध, फूल, धूप, दीप हा क्रम एकही पायरी न गाळता मनात करायचा. खेळाडूचं मनातलं चित्रही असंच पायरीपायरीने उतरलं पाहिजे. थेट आरतीला पोचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

संशोधक हेच आपल्या भाषेत सांगतात. होम्स आणि कॉलिन्स यांनी २००१ मध्ये मनातल्या सरावाची एक चौकट मांडली. तिचा रोख असा की मनातला सराव खऱ्या कृतीच्या जितका जवळ न्याल तितका तो उपयोगी. पलंगावर आडवं होऊन, अंग सैल सोडून, मंद संगीत लावून चित्र पाहायची पद्धत त्यांना मान्य नव्हती. बूट घाला, रेषेवर उभे राहा, हात खऱ्या फेकीसारखे वर न्या, वेळ खरीखुरी घ्या. पंचाने चेंडू हातात दिल्यावर आंतरराष्ट्रीय नियमाने पाच सेकंद मिळतात. मनातली फेकही तेवढ्यात बसली पाहिजे. स्टीव्ह नॅश हा नव्वद टक्क्यांच्या वर फ्री थ्रो घालणारा खेळाडू चेंडू हातात यायच्या आधी रेषेवर उभा राहून रिकाम्या हातांनी फेक करून घ्यायचा. टीव्हीवर पाहणाऱ्यांना तो त्याचा चाळा वाटे.

अशा रिकाम्या हातांच्या सरावाची महाराष्ट्राला चांगली ओळख आहे, फक्त ती बास्केटबॉलमधून आलेली नाही. नेमबाज गोळी न भरता तासन्‌तास ड्राय प्रॅक्टिस करतात. रायफल खांद्याला, श्वास रोखलेला, नेम धरलेला, ट्रिगर दाबायचा आणि नळीतून काहीच निघत नाही. गोळ्या महाग असतात हे एक कारण, आणि गोळीचा आवाज-धक्का नसला की हाताची चूक उघडी पडते हे दुसरं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. आपल्या माळशिरस तालुक्याला लागून असलेल्या फलटणमधल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला धनुष्य घेऊन उतरला. या सगळ्यांचे खेळ आणि फ्री थ्रो एकाच जातीचे: ठरलेलं अंतर, स्थिर लक्ष्य, समोरून कोणी अडवणारा नाही, आणि शत्रू असलाच तर आपल्याच छातीतली धडधड.

या धडधडीवर मराठीत आयुष्यभर काम केलेला माणूस म्हणजे नाशिकचे भीष्मराज बाम. ते आयपीएस अधिकारी होते आणि पुढे क्रीडा मानसशास्त्राकडे वळले. पतंजलीची धारणा-ध्यानाची भाषा आणि पाश्चात्त्य क्रीडा मानसशास्त्र यांची त्यांनी सांगड घातली. नेमबाज अंजली भागवत, क्रिकेटपटू राहुल द्रविड अशा कितीतरी खेळाडूंनी त्यांचं मार्गदर्शन घेतलं. २०१७ मध्ये नाशिकलाच ते गेले. त्यांचं ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे पुस्तक ज्या शाळेच्या ग्रंथालयात नसेल तिथे ते आधी आणावं आणि मग बाहेरचे वक्ते बोलवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी श्वास, मग एकाग्रता आणि त्यानंतर चित्र, हा योगातला क्रम बाजारात मिळणाऱ्या ‘डोळे मिटा आणि जिंका’ छापाच्या सल्ल्यात उलटापालटा झालेला दिसतो.

दबावाखाली किती थोडक्यात फरक पडतो, याचं उदाहरण नेमबाजीनेच दिलं आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये शेवटच्या गोळीआधी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनन बरोबरीत होते. बिंद्राने १०.८ मारली, हॅकिननची ९.७ गेली आणि तो तिसऱ्या क्रमांकावर घसरला. दोघांनीही आयुष्यभर तोच नेम धरला होता. फरक त्या एका गोळीपुरता पडला.

इथून आपण वाईट चित्रांकडे येतो, आणि शिक्षकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते इथेच. वूलफोक, पॅरिश आणि मर्फी यांनी १९८५ मध्ये गोल्फच्या पटिंगवर प्रयोग केला. काहींना चेंडू खळग्यात जातोय असं चित्र पाहायला सांगितलं, काहींना तो थोडक्यात हुकतोय असं. हुकणारं चित्र पाहणाऱ्यांची कामगिरी ढासळली.  आता आपल्या मैदानावर कान द्या. मुलगी रेषेवर उभी आहे आणि बाकावरून सर ओरडतात, ‘बाहेर घालवू नको हं!’ सरांचा हेतू चांगलाच असतो. पण त्या एका वाक्यात चेंडू बाहेर गेल्याचं चित्र त्यांनी तिच्या डोक्यात ठेवून दिलं. त्यापेक्षा ‘गुडघे वाक, मागची कडी बघ’ असं ओरडा. नाहीतर गप्प बसा.

‘मागची कडी बघ’ हे मी सहज म्हटलेलं नाही. कॅनडातल्या जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. चांगले फ्री थ्रो टाकणाऱ्यांची नजर फेकीच्या आधी रिंगवर एका जागी जास्त वेळ टिकते, कच्च्यांची भिरभिरते, असं त्यांना दिसलं. मग विद्यापीठाच्या मुलींच्या एका संघाला ही नजर शिकवली, तेव्हा दोन हंगामांत त्यांचे फ्री थ्रो चांगलेच सुधारले. मनातल्या चित्राला उघड्या डोळ्यांचा असा आधार मिळाला तर ते टिकतं. पेन्सिलच्या शिसाएवढ्या जागेवर नजर ठेवायची, एवढं दहा वर्षांच्या पोरालाही कळतं.

व्हिडिओची जोडही तपासली गेली आहे. हॉल आणि एर्फमायर यांनी १९८३ मध्ये कॉलेजच्या तयार महिला खेळाडूंवर प्रयोग केला. अंग सैल करून चित्र पाहण्याच्या आधी ज्यांना उत्तम फेकीची चित्रफीत दाखवली, त्यांचे फ्री थ्रो अधिक सुधारले. तेव्हा त्यासाठी महागडी यंत्रं लागायची, आज ते घरातल्या कोणाच्याही मोबाइलवर होतं. त्यातही दुसऱ्याच्या फेकीपेक्षा स्वतःची बरोबर गेलेली फेक बाजूने टिपून ठेवावी असं मी म्हणेन. मुलाच्या मनात मग त्याचंच अंग येतं.

हे सगळं अकलूजला कसं लागू पडतं? हे गाव खेळाला परकं नाही. कुस्ती इथे घराघरांत माहीत आहे, शेजारच्या वेळापूरला खो-खोची ओढ आहे, आणि आषाढीच्या वाटेवर तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण इथे लागतं तेव्हा सारा तालुका मैदानाभोवती उभा असतो. बास्केटबॉल मात्र शाळा-कॉलेजच्या आवारापुरता. महाराष्ट्रात हा खेळ रुजला तो मुंबईच्या नागपाड्यात, पुण्यात, नागपुरात. नागपाड्यातून आलेल्या अब्बास मुंतसिर यांनी भारताचं कर्णधारपद भूषवलं आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. तिथल्या मुलांना संध्याकाळी तीन-तीन कोर्ट आणि चेंडूंनी भरलेली जाळी मिळते.

आपल्याकडचं गणित वेगळं आहे. शाळेत एक रिंग, चालू अवस्थेतला एक चेंडू आणि पीटीच्या तासाला तीस मुलं धरा. फेक, चेंडू परत आणणं, पुढच्याने रेषेवर येणं, मिळून पंधरा सेकंद. पंचेचाळीस मिनिटांत १८० फेकी होतात, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला सहा. त्या सहा फेकींच्या मधली चाळीस-बेचाळीस मिनिटं तो रांगेत उभा असतो, ढकलाढकली करत. मनातल्या सरावाची खरी जागा या रांगेत आहे. पुढचा मुलगा रेषेवर गेला की मागच्याने रिकाम्या हातांनी तीच फेक करायची, मागच्या कडीवर नजर ठेवून, पाच सेकंदांत. सहा खऱ्या फेकींच्या आगेमागे साठ रिकाम्या होतात. खर्च शून्य. आणि क्लार्कची तिसरी ओळ लक्षात ठेवून सांगतो, ज्याला अजून फेकच येत नाही त्याला रांगेत पुढे घ्या आणि जास्त चेंडू द्या. रिकाम्या हातांचा सराव संघात निवडलेल्यांसाठी ठेवा. आपल्याकडे होतं नेमकं उलटं. संघातली मुलं चेंडू सोडत नाहीत आणि नवखी बाजूला उभी राहून बघतात.

एक बारीक गोष्ट. इंग्रजी पुस्तकांत सल्ला असतो की चेंडू जाळीतून जातानाचा सर्रकन आवाज मनात ऐका. आमच्या कित्येक शाळांच्या रिंगला जाळीच नसते. पहिल्या पावसाळ्यात कुजते आणि पुढच्या वर्षीच्या खर्चात बसत नाही. तिथल्या मुलाने तो आवाज कधी ऐकलेलाच नाही, तर मनात आणायचा कुठून? त्याने त्याच्याच रिंगचं चित्र काढावं: गंजलेली कडी, चुन्याने आखलेली रेषा, बोर्डाच्या पलीकडची कडुलिंबाची फांदी, मुरमाच्या धुळीने गुळगुळीत झालेला चेंडू. मात्र जिल्ह्याच्या स्पर्धेला जाण्याआधी काचेच्या बोर्डाचा आणि लाकडी कोर्टाचा फोटो त्याला दाखवून ठेवावा. नाहीतर सगळं चित्र तिथे पहिल्याच फेकीला कोसळतं.

काही मुलांना डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही. ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये या स्थितीला अफँटेशिया असं नाव दिलं. अशी मुलं कमी असतात, पण असतात, आणि वर्गात ती गप्प राहतात किंवा दिसतंय असं खोटंच सांगतात. त्यांना ‘बघ’ म्हणण्यापेक्षा ‘मनगटात काय जाणवतं’ असं विचारावं. रिकाम्या हातांची फेक त्यांनाही जमते.

शरीरात यामुळे काय होतं, यावरही काम झालं आहे. पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये काहींना पाच दिवस पियानोचा बोटांचा एक धडा खरा वाजवायला लावला, काहींना नुसता मनात. मनात वाजवणाऱ्यांच्या मेंदूतही बोटं हलवणाऱ्या भागाचा नकाशा तसाच बदललेला दिसला. वाजवण्यातली सफाई मात्र प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांची जास्त होती. पुढे मनात वाजवणाऱ्यांनी एकदाच दोन तास खरा सराव केला आणि ते दुसऱ्यांच्या बरोबरीला आले. मनातला सराव खऱ्या सरावासाठी जमीन तयार ठेवतो, एवढंच यावरून खात्रीने म्हणता येईल.

आणि आकड्यांना भुलू नका. वीस फेकींत चौदा घालणारा मुलगा उद्या सोळा घालेल, परवा बारा. त्यात त्याचं काही सुधारलेलंही नसतं आणि बिघडलेलंही. ७० टक्क्यांच्या खेळाडूच्या वीस फेकींत दोन इकडे-तिकडे होणं ही निव्वळ नशिबाची चाल आहे. शंभर फेकींतसुद्धा पाचेक टक्क्यांचा फरक काही सिद्ध करत नाही. वीस-वीस फेकी मोजून ‘ध्यानामुळे वीस टक्के वाढ’ असे फलक लावणारी शिबिरं मी पाहिली आहेत. त्यांचा हिशेब मांडला तर हाती शून्य येतं.

मनाच्या बाजूने आणखी एक नाव पुढे केलं जातं. टॉम ॲम्बेरी हा पायांचा डॉक्टर १९९३ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, सलग २७५० फ्री थ्रो घालून थांबला, तोही जिम बंद करायची वेळ झाली म्हणून. दर फेकीआधी चेंडू तीन वेळा टप्प्याने आपटायचा, एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचं आणि टाकायचं, एवढाच त्याचा रिवाज. तो मनाबद्दल पुष्कळ बोलायचा, पण रोज शेकड्यांनी खरे चेंडू टाकत होता हे त्याचे भक्त सांगायला विसरतात.

अकलूज परिसरातल्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती आहे. शालेय स्पर्धा सुरू होण्याआधी संघातल्या प्रत्येकाच्या दोनशे फ्री थ्रोंचा हिशेब वहीत मांडा, दिवस वाटून घेतलात तरी चालेल. मग सहा आठवडे निम्म्या मुलांना रोज दहा मिनिटं रेषेवर उभं राहून रिकाम्या हातांनी फेक करायला लावा, निम्म्यांना नेहमीचाच सराव द्या, आणि शेवटी पुन्हा दोनशे मोजा. निकाल उलटा आला तरी तो लपवू नका. ती वही शेजारच्या शाळेच्या सरांनाही दाखवा.